सुपरचार्जर सगळ्यात शेवटी: मसल कारची ताकद वाढवण्याआधीचं गणित

मोठं व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि किंमत स्पोर्ट्स कारच्या मानाने आवाक्यातली. अमेरिकन मसल कारचा हा फॉर्म्युला १९६० च्या दशकापासून चालत आलाय. आजच्या मसल कार कारखान्यातूनच चारशेहून जास्त हॉर्सपॉवर घेऊन बाहेर पडतात. तरी वर्ष-दोन वर्षांत मालकाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो: वर एक सुपरचार्जर बसवला तर?

किट विकत मिळतं. हत्यारं आणि सवय असलेला माणूस दोन-तीन दिवसांत ते बसवतोही. गाडी सुरू होते, शिट्टीसारखा आवाज येतो, पहिल्याच चकरीत मान मागे आपटते. मालक खूश. मग एखाद्या उन्हाळी दुपारी, तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर, हायवेवर ओव्हरटेक करताना आठपैकी एका पिस्टनवर रिंग बसायच्या खाचेजवळचा कडा तुटतो. सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागतो आणि इंजिन उतरवायची वेळ येते.

सुपरचार्जर बिघडलेला नसतो, इंजिनही मुळात वाईट नसतं. त्या दोघांच्या मधलं जे आधी करायला हवं होतं, ते झालेलं नसतं. माझं पीएचडीचं काम इंधन ठिणगीशिवाय आपोआप कधी पेट घेतं यावर आहे आणि हा पिस्टन नेमका त्याच कारणाने तुटतो. त्यामुळे आज हौसेच्या विषयातलं विज्ञान. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिचं गणित करता येतं.

आधी गाडी ठरवू

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी गाडी घेऊ: २०१५ ते २०१७ या वर्षांतली फोर्ड मस्टँग जीटी. ५ लिटरचं ‘कोयोटी’ व्ही-८ इंजिन, ४३५ हॉर्सपॉवर, सुमारे ५४२ न्यूटन-मीटर टॉर्क, कॉम्प्रेशन रेशो ११:१. (२०१६ मध्ये मस्टँग भारतात अधिकृतपणे आली ती हीच, फक्त इथे ताकद ४०० च्या आसपास ठेवली होती.)

उद्दिष्ट असं: ८ पीएसआय बूस्ट, सुमारे ६०० हॉर्सपॉवर. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, गाडी रोज ऑफिसला जाणार. ड्रॅग रेसची गाडी दहा-बारा सेकंद पळते आणि थंड व्हायला उभी राहते. रस्त्यावरच्या गाडीला सिग्नल, एसी, चाळीस अंशांचं ऊन आणि पंपावर मिळेल ते पेट्रोल, हे सगळं सोसावं लागतं. ही अट पुढचा प्रत्येक निर्णय बदलते.

दाब वाढला म्हणजे हवा वाढली का?

सुपरचार्जर म्हणजे बेल्टवर फिरणारा हवेचा पंप. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो आणि वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. सुपरचार्जर ती हवा जास्त दाबाने कोंबतो. हवा जास्त, म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आता सायकलमध्ये हवा भरताना पंपाला हात लावून बघा. खालचा भाग गरम लागतो. हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ होते. तर थोडं गणित करू.

वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. त्यावर ८ मिळवले की २२.७. म्हणजे दाब १.५४ पट झाला. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे असं धरू आणि पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के. उष्मागतिकीच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले, तर पंपातून बाहेर पडणारी हवा सुमारे ९२ अंशांवर जाते. या तापमानाला सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने फक्त १.२८ पट भरते. दाब ५४ टक्के वाढला, हवा मात्र २८ टक्केच.

आता मध्ये इंटरकूलर घालून तीच हवा ५० अंशांपर्यंत थंड केली, तर ती १.४५ पट होते. दाब तोच, पंप तोच, नुसतं थंड केल्यामुळे फायदा २८ वरून ४५ टक्क्यांवर गेला. (इंटरकूलरमध्ये थोडा दाब वाया जातो, तो इथे धरलेला नाही.)

यात दोन खर्च दडलेत. एक, हवा दाबायची ऊर्जा इंजिनच्याच क्रँकवरून जाते. ६०० हॉर्सपॉवरच्या या गणितात ती सुमारे ५० हॉर्सपॉवर येते. म्हणजे इंजिनने आतमध्ये साडेसहाशे कमवायचे तेव्हा बाहेर सहाशे दिसणार. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर भार येतो तो या आतल्या आकड्याचा.

दुसरा खर्च उष्णतेचा. फुल थ्रॉटलवर इंटरकूलरला साधारण २४ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्या घरातल्या २ किलोवॉटच्या गीझरच्या हिशेबात, बारा गीझर एकदम चालू. ही उष्णता पाण्यात जाते, ते पाणी छोट्या पंपाने गाडीच्या नाकाशी बसवलेल्या रेडिएटरमध्ये जातं आणि तिथे वारा लागला तर थंड होतं. ‘वारा लागला तर’ हे लक्षात ठेवा.

नॉकिंग: पिस्टन का तुटतो

इंजिनात ठिणगी पडते, तिथून ज्योत पसरत जाते आणि शेवटी लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण जळतं. हे झालं शिस्तीत. पण ज्योत पसरत असताना न जळलेलं मिश्रण त्या कोपऱ्यात दाबलं जात असतं, तापत असतं. ज्योत पोहोचायच्या आत त्याचा संयम सुटला, तर ते सगळं एकदम पेट घेतं. दाबाची लाट उठते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा ‘टक-टक’ आवाज येतो. गॅरेजमध्ये म्हणतात तसं, इंजिन ठोकायला लागतं.

इंधनाच्या या संयमाला मोजमाप आहे. ठरावीक तापमान आणि दाबाला मिश्रण किती वेळ न पेटता राहतं, त्याला प्रज्वलन-विलंब म्हणायचं. शॉक ट्यूब आणि रॅपिड कॉम्प्रेशन मशीन ही उपकरणं हेच मोजायला वापरतात. उत्तर मिलिसेकंदांत येतं आणि सहसा तापमान थोडं वाढलं की हा वेळ खूप घटतो. इंजिनात तर तापमान आणि दाब क्षणाक्षणाला बदलत असतात. मग प्रत्येक क्षणी संयमाचा किती भाग संपला ते मोजत जायचं आणि बेरीज १ झाली की स्फोट. लिव्हनगुड आणि वू यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

आता मघाचे आकडे यात घालू. ११:१ कॉम्प्रेशनमध्ये मिश्रणाचं निरपेक्ष तापमान ढोबळमानाने २.१५ पट होतं. ५० अंशांनी आत गेलेली हवा दाबल्यावर सुमारे ४२३ अंशांवर जाते. ९२ अंशांनी गेलेली हवा ५१३ अंशांवर. इनटेकमधला ४२ अंशांचा फरक सिलिंडरमध्ये ९० अंशांचा झाला आणि ठिणगी तर अजून पडायचीये. म्हणून बूस्टच्या काट्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाकडे द्यावं लागतं.

नॉकिंगने पिस्टन तुटतो त्याची कारणं दोन. दाबाची लाट धातूवर घाव घालते, हे एक. आणि पिस्टनच्या माथ्याला चिकटून असलेला, त्याला उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर ही लाट पुसून टाकते. पिस्टन तापतो, नरम पडतो आणि सगळ्यात नाजूक जागी, म्हणजे रिंगच्या खाचांमधल्या कड्याशी, हार मानतो. या मस्टँगमधले पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत. रोजच्या वापराला ते उत्तम, पण ओतीव धातू घाव सोसत वाकत नाही, तडकतो.

इंटरकूलर बदलला की पेट्रोलही ‘बदलतं’

संशोधनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. पण तो मोजायच्या दोन पद्धती आहेत. ‘रॉन’ची चाचणी सौम्य, ६०० आरपीएमवर. ‘मॉन’ची कडक, ९०० आरपीएमवर आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून. बाजारातल्या पेट्रोलचा मॉन हा रॉनपेक्षा कमी येतो. भारतात पंपावर सांगतात तो ९१ किंवा ९५ हा रॉन असतो. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिथलं ९१ आपल्या ९१ पेक्षा बरंच वरचं, साधारण आपल्या ९५ च्या आसपासचं.

पण खऱ्या इंजिनात यातला कुठला आकडा लागू होतो? गौतम कलघटगी या इंधन-शास्त्रज्ञांनी यासाठी ऑक्टेन इंडेक्स मांडला: रॉनमधून ‘के गुणिले (रॉन वजा मॉन)’ वजा करा. यातला ‘के’ इंधनाचा गुण नाही, तो इंजिनच्या परिस्थितीवर ठरतो. दाब जास्त पण हवा थंड, अशी परिस्थिती असेल तर के शून्याच्या खाली जातो. हवा गरम असेल तर वर चढतो.

उदाहरण घ्या. अमेरिकेतलं ९३ चं पेट्रोल, रॉन ९८, मॉन ८८. के जर उणे ०.३ असेल तर ते १०१ सारखं वागतं. के ०.५ असेल तर ९३ सारखं. टाकीत पेट्रोल तेच. गार सकाळी मोकळ्या रस्त्यावर ते वरच्या आकड्याकडे झुकतं. तासभर ट्रॅफिकमध्ये उभं राहून इंटरकूलरचं पाणी तापलं की खाली घसरतं. सुरुवातीच्या त्या उन्हाळी दुपारचं कोडं इथे सुटतं. सकाळी केलेली चाचणी दुपारची हमी देत नाही.

या किटमध्ये सुपरचार्जर इंजिनच्या दोन रांगांच्या मधोमध, डोक्यावरच बसतो. गाडी उभी असताना खालून इंजिन त्याला शेकत राहतं, समोरच्या रेडिएटरला वारा नसतो. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत पहिला खर्च थंडाव्यावर: मोठा पुढचा रेडिएटर, चांगला पाण्याचा पंप, शक्यतो पंखा असलेला. आणि एक बारीक गोष्ट. हा नवा रेडिएटर एसीच्या कंडेन्सरच्या आणि इंजिनच्या रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे मागच्या दोघांना आधीच गरम झालेली हवा मिळते. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात एसी लावून चालवायची असेल, तर इंजिनच्या रेडिएटरचाही विचार त्याच यादीत हवा.

इंधन: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

साधं ४३५ हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल पितं. सुपरचार्ज्ड इंजिनसाठी हा आकडा २९५ च्या आसपास धरतात. कारण पंप फिरवायची ताकद त्यातूनच जाते, मिश्रण थंड ठेवायला पेट्रोल जरा जास्त सोडावं लागतं आणि ठिणगी उशिरा पाडल्याने कार्यक्षमता घटते.

गुणाकार करा. आधी ताशी ९९ किलो, नंतर १७७ किलो. ताकद ३८ टक्के वाढली, पेट्रोलची मागणी जवळजवळ ८० टक्के. लिटरमध्ये, मिनिटाला सव्वादोनवरून चार लिटर. (हे फक्त फुल थ्रॉटलवर. आरामात चालवताना बायपास व्हॉल्व उघडा राहतो, सुपरचार्जर जवळजवळ रिकामा फिरतो आणि मायलेज फारसं बिघडत नाही.)

आठ इंजेक्टरमध्ये भागलं आणि प्रत्येक इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं धरलं, तर मिनिटाला ३३० सीसीच्या जागी सुमारे ५९० सीसीचा इंजेक्टर लागतो. अजून एक मेख आहे. इंजेक्टर पेट्रोल टाकतो ते इनटेकमधल्या दाबाच्या विरुद्ध. रेलमध्ये ५५ पीएसआय दाब असेल आणि समोरून ८ पीएसआय बूस्ट येत असेल, तर उरले ४७. इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढवण्याची सोय नसेल, तर प्रवाह साडेसात टक्क्यांनी घटतो, तोही नेमका जास्तीत जास्त गरजेच्या क्षणी.

टाकीतला पंप कमी पडतो तो कधी? रोजच्या चालण्यात नाही, पहिल्या तीन हजार आरपीएममध्येही नाही. तो कमी पडतो साडेसहा हजारांवर, पूर्ण बूस्टमध्ये, दोन सेकंदांसाठी. मिश्रण पातळ होतं, तापतं, ठोकतं. म्हणून पंप, त्याची वायर आणि इंजेक्टर हे तिन्ही आजच्या ६०० साठी नव्हे तर थोडी वाढीव जागा ठेवून निवडायचे. अमेरिकेत मिळणारं ई८५, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल, नॉकिंगला फार उत्तम. इथेनॉल वाफ होताना हवा जोरदार थंड करतं. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून प्रवाह अजून सुमारे तीस टक्के जास्त लागतो. त्या वाटेने जायचं असेल तर ते इंजेक्टर घेण्याआधी ठरवा, नंतर ठरवलं की तोच खर्च दोनदा.

ठिणगी आणि ट्यूनिंग

हवा जितकी दाट, तितकं तिच्यातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून प्लगची फट कमी करतात, कंपनीच्या सव्वा मिलिमीटरच्या आसपासवरून साधारण ०.७ ते ०.९ पर्यंत. सोबत एक पायरी ‘थंड’ प्लग घेतात, म्हणजे त्याचं टोक स्वतःची उष्णता लवकर सोडतं आणि निखारा होऊन बसत नाही. आठ प्लगचा खर्च या यादीत सगळ्यात किरकोळ.

मग ट्यूनिंग. इंजिनच्या कॉम्प्युटरला नवीन इंजेक्टर किती देतात, हवा किती येते, कुठे ठिणगी मागे घ्यायची, हे सगळं शिकवायचं. किटसोबत येणारी तयार फाइल त्या किटच्या ठरलेल्या भागांसाठी आणि ठरावीक ऑक्टेनसाठी असते. पुली, इंजेक्टर किंवा पेट्रोल बदललं की ती फाइल तुमच्या गाडीची राहिली नाही. आणि ट्यूनिंगने काय होत नाही तेही माहीत हवं. पंपात नसलेलं पेट्रोल ट्यूनर आणू शकत नाही. तो फक्त ठिणगी मागे घेऊन गाडी वाचवतो, म्हणजे विकत घेतलेली ताकद परत करतो.

कंपनीने स्वतः काय केलं ते बघा

एवढा खटाटोप खरंच लागतो का, अशी शंका आली तर कारखान्याकडे बघावं. डॉजने २०१५ च्या मॉडेल वर्षासाठी चॅलेंजर हेलकॅट आणली. ६.२ लिटर, सुपरचार्जर, ११.६ पीएसआय बूस्ट, ७०७ हॉर्सपॉवर. त्यांच्याकडे ६.४ लिटरचं, १०.९:१ कॉम्प्रेशनचं इंजिन आधीच होतं. त्यावरच पंप ठेवून ते मोकळे झाले नाहीत. कॉम्प्रेशन ९.५:१ वर आणलं, पिस्टन घडीव घातले, इंधनाची लाइन जाड केली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणकट घेतला, पुढच्या ब्रेक डिस्क ३९० मिलिमीटरच्या केल्या. सुपरचार्जर फिरवायलाच ८० हॉर्सपॉवर लागतात असं कंपनीच सांगते. वर दोन किल्ल्या: काळ्या किल्लीने गाडी ५०० हॉर्सपॉवरच देते.

फोर्डनेही २०२० च्या शेल्बी जीटी५०० मध्ये ७६० हॉर्सपॉवरसाठी कॉम्प्रेशन ९.५:१ च ठेवलं. मघाच्या सूत्राने, ११ वरून ९.५ वर आल्याने दाबलेल्या मिश्रणाचं तापमान तीसेक अंशांनी उतरतं. आपण ११:१ च्या इंजिनवर बसवतोय, आपल्याकडे ही गादी नाही. म्हणून बूस्ट आठवर थांबवायचा, हवा थंड ठेवायची आणि पेट्रोल चांगलं घ्यायचं.

लोखंडाचा हिशेब

या इंजिनांमध्ये ऑइल पंपाचे गिअर धातूची भुकटी दाबून केलेले असतात. रोजच्या वापरात काही होत नाही. पण वरच्या आरपीएमवर रेव्ह लिमिटरला धडका बसल्या, टायर सुटून पकडले, की क्रँकला झटके बसतात आणि हे गिअर फुटू शकतात. ऑइल थांबलं की काही सेकंदांत सगळं इंजिन गेलं. अखंड पोलादाचे गिअर मिळतात. भाग फार महाग नाही, मजुरी महाग आहे, कारण इंजिनचा पुढचा भाग पूर्ण खोलावा लागतो. त्यामुळे पुढे असं कामच निघणार असेल तर हे तेव्हाच उरकावं.

मग क्लच. टॉर्क ५४२ वरून सुमारे ७४० न्यूटन-मीटरवर जातो. मूळ क्लच मूळ टॉर्कसाठी होता. तो आधीच अर्धा झिजला असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घसरायला लागेल. इंजिन ओरडेल, गाडी जाणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी मूळ इंजिनची तपासणी. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, लीक-डाउन चाचणी, कूलंट, ऑइलची गळती. दुखणं असलेल्या इंजिनावर बूस्ट दिला की दुखणं वाढतं, एवढंच.

टायर आणि ब्रेक

इथपर्यंत इंजिन वाचवलं. आता माणसं.

७४० न्यूटन-मीटर तिसऱ्या गिअरमध्ये (१.६९) आणि ३.३१ च्या डिफरन्शियलमधून मागच्या चाकांना गेला, वाटेतली झीज वजा केली, की जमिनीवर सुमारे साडेदहा हजार न्यूटनची ढकल येते. पावणेदोन टनांच्या या गाडीची मागची चाकं, वजन मागे झुकलेलं असताना, चांगल्या कोरड्या रस्त्यावर साधारण दहा हजार न्यूटनच पकडू शकतात. मूळ इंजिनची हीच ढकल पावणेआठ हजार होती.

याचा अर्थ असा. आधी चाक फिरायचं ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात. आता तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, मागची चाकं सुटू शकतात. रस्ता ओला असेल तर कधीही. त्या वेगात गाडीचं शेपूट फिरलं, तर सावरायला शेजारची लेनही पुरत नाही आणि त्या लेनमध्ये दुसऱ्याचं कुटुंब असतं. मला विचाराल तर सहाशे हॉर्सपॉवरच्या यादीत चांगले मागचे टायर सुपरचार्जरच्या वर यायला हवेत. मागचं सस्पेन्शन आणि बुशही त्यासोबतच तपासून घ्यावेत.

ब्रेकचं गणित सोपं. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. १६० ऐवजी १९० वरून थांबायचं असेल तर ब्रेकना ४१ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. या मस्टँगला पुढे ३५२ मिलिमीटरच्या डिस्क येतात, परफॉर्मन्स पॅकमध्ये ३८० च्या. लगेच मोठं किट घ्यायलाच हवं असं नाही. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड यांनी बरंच भागतं. पण जुनं, पाणी शोषलेलं फ्लुइड लवकर उकळतं आणि मग पेडल सरळ जमिनीला टेकतं.

मग क्रम काय?

माझ्या हिशेबाने असा:

१. आकडा आणि पेट्रोल ठरवा. ‘जमेल तेवढं’ हा आकडा नव्हे.

२. कायदा बघा. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीवर किट लावायचं तर त्याला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, त्यामुळे इथे हे सगळं वाचनापुरतं ठेवा. वॉरंटी आणि विमा दोन्हीकडे तपासायलाच हवेत.

३. इंजिनची तपासणी आणि आहे त्या स्थितीतली नोंद: इनटेकचं तापमान, इंधनाचा दाब, नॉक सेन्सर काय म्हणतो. तुलनेला काहीतरी हवं ना.

४. टायर, ब्रेक, क्लच. हे आजच्या ४३५ वरही उपयोगी पडतं, वाया जात नाही.

५. इंधनाचा पंप आणि इंजेक्टर, थंडाव्याची व्यवस्था, प्लग.

६. सुपरचार्जर आणि त्याच्याबरोबर तुमच्याच गाडीवर बसून केलेलं ट्यूनिंग. पाचव्या पायरीतलं बरंचसं प्रत्यक्षात याच दिवशी बसतं, पण विकत घेऊन, मोजून, तयार हवं.

७. शेवटी खरी चाचणी. सकाळी नाही, दुपारी. ट्रॅफिकमधून आल्यावर, एसी चालू ठेवून, बंदिस्त ट्रॅकवर किंवा डायनोवर. तापलेल्या गाडीत ठिणगी किती मागे जाते, इंधनाचा दाब टिकतो का, ते बघायचं.

पैशांचं म्हणाल तर असं किट साधारण सात ते नऊ हजार डॉलरला पडतं. त्याच्या निदान निम्मी रक्कम बाकीच्या यादीसाठी वेगळी ठेवा. तेवढी जमत नसेल तर सुपरचार्जर पुढच्या वर्षी घ्या. यंदा टायर, पॅड, क्लच आणि दोन दिवस ट्रॅकवर शिकवणी. गाडी त्यानेही पळते.

ज्यांची बेरीज आधी झालेली असते, त्यांच्या गाड्यांमध्ये सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. त्या सोमवारी ऑफिसला जातात, दुपारच्या उन्हात सिग्नलला उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की निघतात. सहाशे हॉर्सपॉवरच्या गाडीबद्दल याहून चांगलं काही सांगता येत नाही.